बोटीच्या पाठीत काय भरावं?

फायबरग्लासची छोटी बोट मागून पाहिली की एक सपाट उभी भिंत दिसते. तिला ट्रान्सम म्हणतात. लाटा कापणारी नाळ सगळ्यांच्या नजरेत भरते, पण आउटबोर्ड इंजिनच्या बोटीला पुढे नेणारा सगळा रेटा या मागच्या भिंतीतून येतो. इंजिन तिच्यावर टांगलेलं असतं. वळताना, मागे घेताना, वाळूवर चढवताना बसणारा प्रत्येक हिसका आधी तिला बसतो.

ही भिंत बाहेरून एकसंध फायबरची वाटते, पण बहुतेक बोटींत ती तशी नसते. बाहेर फायबरचं एक कवच, आत दुसरं आणि मध्ये गाभा अशी तिची रचना असते. जुन्या बोटींत हा गाभा बहुधा प्लायवूडचा असतो. तो कुजला तरी बाहेरचा रंग वर्षानुवर्षं चकचकीत राहतो. मग एक दिवस इंजिनच्या बोल्टपाशी बारीक तडे दिसतात, किंवा इंजिन उचलताना भिंतच किंचित हलते. बोट उघडली की आतून काळपट, ओला भुसा निघतो.

नवा गाभा कशाचा घालायचा, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. सुचणारं पहिलं उत्तर सहसा ‘कधीच न कुजणारं काहीतरी’ असं असतं. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरं आहे. गाभा काय काम करतो आणि पाणी त्याच्यापर्यंत कसं पोचतं, हे दोन प्रश्न आधी सोडवले तर साध्या सामानातही बळकट ट्रान्सम उभा राहतो. ते सोडवले नाहीत तर महागातला महाग बोर्डही बोट वाचवत नाही.

दोन कवचं आणि मधलं अंतर

सुट्या कागदांचा गठ्ठा सहज वाकतो. तेच कागद एकमेकांना डिंकाने चिकटवले की कडक पुठ्ठा होतो. ट्रान्समची ताकदही अशीच जुळून येते. वाकवणारं बळ आलं की एक कवच ताणलं जातं आणि दुसरं दाबलं जातं. दोन कवचांमधलं अंतर कायम राखणं आणि त्यांना एकमेकांवरून सरकू न देणं, हे गाभ्याचं काम.

यातला फरक आकड्यांत पाहू. दोन्ही कवचं प्रत्येकी ४ मिलिमीटर जाड आणि मधला गाभा ३८ मिलिमीटर आहे असं धरू. गाभा दोन्हीकडे घट्ट चिकटलेला असेल, तर दोन सुट्या कवचांच्या तुलनेत ही भिंत वाकायला कागदावर तीनशेपटीहून अधिक ताठ ठरते. या हिशेबात गाभ्याची स्वतःची ताकद धरलेलीच नाही. हा सगळा फायदा अंतराचा आणि चिकटण्याचा आहे. म्हणून लाकूड पूर्ण कुजण्याची वाट पाहावी लागत नाही. गाभा कवचापासून नुसता सुटला तरी ताठरपणा ढासळतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या डी हॅविलंड मॉस्किटो विमानाने हेच तत्त्व गाजवलं. १९४० मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या विमानाच्या धडाला बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा होता. बोटींच्या जगात अमेरिकेतल्या रिचर्ड फिशर यांनी १९५८ मध्ये बॉस्टन व्हेलर ही तेरा फुटी बोट बाजारात आणली. तिच्या दोन फायबर कवचांमध्ये फोम भरलेला होता. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने फिशर बोटीत बसलेले असताना ती करवतीने मधोमध कापली जात असल्याची छायाचित्रं छापली. कापलेली बोट बुडाली नाही. पण या बोटींतही इंजिन टांगायच्या ट्रान्सममध्ये प्लायवूडच घातलेलं होतं. बोटीच्या तळाला पुरणारा गाभा इंजिनच्या भिंतीला पुरेलच असं नाही, हे फोमवर भिस्त ठेवणाऱ्या माणसानेही मान्य केलं होतं.

इंजिन कुठे रेटतं, कुठे ओढतं

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात आउटबोर्ड इंजिनांची विक्री सुरू केली. सगळं यंत्र बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं, ही मांडणी आजही तीच आहे. इंजिनं मात्र वजनदार होत गेली. दहा अश्वशक्तीच्या आसपासचं आजचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण ४० किलोचं असतं, तर ११५ अश्वशक्तीचं १७० किलोच्या घरात जातं. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी बांधलेल्या बोटीवर तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक लावलं की ट्रान्समवरचा भार वाढतो.

हा भार सरळ खाली जात नाही. इंजिनचं वजन फळीच्या मागे लटकतं, त्यामुळे त्याचा वरचा भाग मागे झुकू पाहतो. पुढे जाताना पाण्यातला पंखा इंजिनचा खालचा भाग बोटीच्या दिशेने रेटतो. दोन्हींचा परिणाम एकच होतो: वरचे बोल्ट मागे ओढले जातात आणि ब्रॅकेटची खालची कड फळीत रुतू पाहते. मागे जाण्याचा गिअर टाकला की रेट्याची दिशा उलटते. म्हणजे गाभ्याला वाकणं तर सोसायचं असतंच, शिवाय ठरावीक जागी चेंगरणंही सोसायचं असतं.

बोल्टचा हिशेब इथे डोळे उघडतो. मोठ्या इंजिनांना सहसा अर्धा इंची बोल्ट लागतात. असा एक बोल्ट आवळताना १ टन ताण सहज निर्माण होतो. ५ सेंटिमीटर व्यासाच्या वॉशरखाली तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलोचा दाब देतो. बोटींच्या तळात वापरला जाणारा, दर घनमीटर ८० किलो घनतेचा पीव्हीसी फोम साधारण १४ किलोलाच चेपू लागतो. फायबरचं कवच दाब थोडा पसरवतं, तरीही अंतर फार मोठं राहतं. फोम चेपला की बोल्ट सैल होतो, सैल बोल्ट हलतो, आणि हलणाऱ्या बोल्टभोवतीचं सीलंट तुटून पाणी आत शिरतं.

गाभ्याच्या निवडीत म्हणूनच पहिला प्रश्न ‘कुजेल का?’ हा नसतो. ‘बोल्टखाली चेपेल का?’ हा असतो.

पाण्याच्या वाटा

फायबरमधून पाणी लाकडापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. पाणी येतं ते माणसाने पाडलेल्या भोकांतून: इंजिनचे बोल्ट, तळातलं पाणी सोडायचं बुचाचं भोक, मासे शोधणाऱ्या सोनारच्या पट्टीचे स्क्रू, शिडीचे स्क्रू आणि ट्रान्समची वरची कड. त्यातही बुचाचं भोक सगळ्यात फसवं. ते खालच्या टोकाला असतं, आतल्या बाजूने त्याच्यावर कायम पाणी साचतं, आणि भोकातली प्लायची कड बहुतेक वेळा उघडीच सोडलेली असते.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल, हवा, ऊब आणि अन्न या चार गोष्टी लागतात. लाकडातली ओल २० टक्क्यांखाली राहिली तर ती वाढू शकत नाही. खारं पाणी तिला फारसं मानवत नाही. गोड्या पाण्यात ती फोफावते. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात बंदरावर ओढून ठेवलेल्या बोटीच्या तळात साचणारं पावसाचं पाणी हे भर समुद्रातल्या खाऱ्या पाण्यापेक्षा ट्रान्समचं अधिक नुकसान करतं. बोट झाकून ठेवणं, ती मागे किंचित उतरती ठेवून बूच काढून ठेवणं, ही फुकटातली देखभाल आहे.

पर्याय एकेक करून

प्लायवूड हा पहिला आणि अजूनही सर्वाधिक वापरला जाणारा पर्याय. त्याच्या पापुद्र्यांचे तंतू एकाआड एक आडवे-उभे असतात, त्यामुळे ते दोन्ही दिशांनी भार घेतं आणि ओल बदलली तरी फारसं फुगत नाही. बोल्टखालचा दाब ते चांगला सोसतं, स्क्रू घट्ट धरतं आणि गावातल्या सुतारालाही त्याचं काम येतं. भारतात मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे मानक आहे. त्यात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून सरसाची परीक्षा होते. शिवाय लाकडावर संरक्षक रसायनांची प्रक्रिया अपेक्षित असते. ती कुजणं लांबवते, थांबवत नाही. उकळत्या पाण्यात टिकतो तो सरस. लाकूड शेवटी लाकूडच असतं. घरातल्या फर्निचरसाठीचं आयएस ३०३ प्लाय या कामाला घेऊ नये. घेतलेला तुकडा कापल्यावर त्याची कड नीट पाहावी. आतल्या पापुद्र्यांत पोकळ्या दिसल्या तर तो बाजूला ठेवावा, कारण पाणी मुरायला आणि बोल्ट बसकायला अशी एक पोकळी पुरते.

सागाची अखंड फळी कोकणातल्या कारागिराला जवळची वाटते, आणि लाकडी होडीत सागाने पिढ्यान् पिढ्या आपली योग्यता सिद्ध केली आहे. फायबरच्या पोटात बंद करताना मात्र अडचणी येतात. अखंड लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. ताठ कवचांमध्ये ते चिकटलेली जागा तोडतं. सागातलं नैसर्गिक तेल त्याला कुजण्यापासून वाचवतं, पण तेच रेझिनची पकड कमी करतं. गाभ्याचं अर्धं काम चिकटण्यावर चालतं, म्हणून इथे सागाचा गुण आड येतो.

बाल्सा आणि हलका पीव्हीसी फोम हे मोठ्या पृष्ठभागांचे गाभे आहेत. बोटींचे डेक आणि पवनचक्क्यांची लांब पाती यांत ते उत्तम काम करतात. उभ्या तंतूंचा बाल्सा दाबाला तर चांगलाच टणक असतो, पण ओलीला फार हळवा. हलका फोम कुजत नाही, पण बोल्टखाली चेपतो. शिडाच्या हलक्या बोटीला मागे छोटं इंजिन लावायचं असेल, तर बाकी भिंतीत फोम आणि बोल्टच्या जागी प्लाय किंवा दाट बोर्डाचा ठोकळा, अशी विभागणी करता येते. अख्खा ट्रान्सम मात्र अशा फोमचा करू नये.

दाट फोमचे बोर्ड ही अलीकडच्या काळातली महत्त्वाची भर आहे. पॉलियुरेथेन फोममध्ये काचतंतूंचे थर घालून ते बनवतात. अमेरिकेतल्या कूसा कंपनीचा ब्ल्यूवॉटर २६ हा त्यातला प्रसिद्ध बोर्ड. त्याची घनता दर घनमीटर ४१६ किलोच्या आसपास आहे. असे बोर्ड कुजत नाहीत, दाब चांगला घेतात आणि रेझिनला घट्ट धरतात. स्क्रू मात्र प्लायइतके पकडत नाहीत, म्हणून सगळं आरपार बोल्टने बसवावं. वजनाचा फायदा अनेकदा वाढवून सांगितला जातो, तो मोजून पाहू. दीड मीटर रुंद, ६० सेंटिमीटर उंच आणि ३८ मिलिमीटर जाड गाभ्याला सरासरी घनतेचं प्लाय साधारण २० किलो भरेल, हा बोर्ड १४ किलो. सहा किलोंची बचत, तीही त्याच भिंतीवर शंभराहून अधिक किलोचं इंजिन टांगताना. या बोर्डासाठी जादा पैसे मोजायचे ते वजनासाठी नव्हे, पुढे कधी पाणी शिरलंच तर गाभा टिकावा यासाठी.

शेवटचा पर्याय ओतायच्या गाभ्याचा. रेझिनमध्ये काचतंतू आणि सिरॅमिकचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळून ही मिश्रणं तयार करतात. दोन्ही कवचं धड असतील, तर वरची कड उघडून कुजलेलं लाकूड पूर्ण उपसायचं आणि पोकळीत मिश्रण ओतायचं. आतला भाग फोडावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण आत कुजकं लाकूड किंवा ओल राहिली तर मिश्रण कवचाला धरत नाही, आणि ते राहिलं आहे का हे नजरेला दिसतही नाही. पैसे वाचवायला साधं रेझिन घरी ढवळून इतक्या जाडीत ओतू नये. घट्ट होताना ते प्रचंड तापतं आणि तडकतं.

चिकटवण्याची शिस्त

गाभा निवडल्यावर खरी कसोटी सुरू होते. प्लाय असेल तर १९ मिलिमीटरचे दोन थर घट्ट केलेल्या इपॉक्सीने एकमेकांना जोडून हवी ती जाडी मिळते. मूळ जाडी आणि उंची मोजून तेवढीच ठेवावी. इंजिनचे क्लॅम्प ठरावीक जाडीपर्यंतच उघडतात आणि शाफ्टची लांबी ट्रान्समच्या उंचीवर ठरते. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आहे, पण ओल आणि हादरे यांत त्याची लाकडावरची पकड इपॉक्सीपेक्षा लवकर सुटते. इपॉक्सी वापरायचं ठरलं की बाहेरच्या थरापर्यंत तेच न्यावं, कारण घट्ट झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. काचेच्या साध्या मॅटमधला बांधक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही. म्हणून इपॉक्सीसोबत विणलेलं किंवा शिवलेलं काचकापड घ्यावं.

प्लायच्या सगळ्या कडांना इपॉक्सी पाजावं. हे काम दुपार कलताना, लाकूड थंड होत असताना करावं. तेव्हा लाकडातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. सकाळी ऊन चढताना केलं तर तीच हवा फुगून बुडबुडे काढते. बाहेरच्या कवचाला गाभा बसवताना मध्ये एकही पोकळी राहता कामा नये. त्यासाठी दातेरी थापीने रेझिन पसरावं आणि गाभ्यात बारीक भोकं ठेवून हवेला वाट द्यावी.

जुन्या फायबरवर नवा थर रासायनिक जोड घेत नाही; तो खरवडलेल्या पृष्ठभागाला धरतो. म्हणून ४० नंबरच्या आसपासच्या जाड पेपरने घासणं आणि जुनी कड उतरती करणं आवश्यक आहे. उतार जाडीच्या बारापट ठेवावा: ६ मिलिमीटरच्या कवचाला ७२ मिलिमीटर. कोपऱ्यांत घट्ट रेझिनची गोलाई द्यावी, कारण काचकापड काटकोनात वळत नाही आणि मागे हवा धरतं. ट्रान्सम बोटीच्या बाजूंना आणि तळातल्या लांब आधारांना कापडाच्या रुंद पट्ट्यांनी जोडला, तरच इंजिनचा रेटा अख्ख्या बोटीत वाटला जातो. या पट्ट्या कमी पडल्या तर उत्तम गाभ्याची भिंतही मुळापासून सुटते.

बोल्टची भोकं आधी मोठी पाडावीत, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरावीत आणि मग त्यातून नेमक्या मापाचं भोक पाडावं. म्हणजे बोल्टभोवती इपॉक्सीची नळी राहते आणि सीलंट सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. बुचाच्या भोकाला तर हे कधीही चुकवू नये.

एक इशारा. पॉलिएस्टरसाठीचा कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. काचेची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून चांगला मास्क लावूनच घासावं.

मोसम पाहून काम

कोकणात जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर येतात आणि तेव्हाच दुरुस्तीला फुरसत मिळते. दुर्दैवाने गाभा बंद करायला वर्षातला हाच काळ सगळ्यात वाईट. दमट हवेत प्लाय ओल धरतं, ती ओल फायबरमध्ये बंद होते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. शक्य असेल तर ट्रान्समचं काम कोरड्या दिवसांत, पावसाआधी संपवावं. ते जमत नसेल तर बंदीच्या काळात बोट उघडून कुजलेलं लाकूड काढावं, कवचं धुऊन पूर्ण वाळू द्यावीत, आणि गाभा बंद करण्याआधी लाकडातली ओल मीटरने मोजून ती १५ टक्क्यांच्या आत असल्याची खात्री करावी.

मग निवड कोणती? दहा ते पंचवीस अश्वशक्तीच्या मासेमारी होडीला पोकळ्या नसलेलं मरीन प्लाय आणि इपॉक्सी हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. खर्च आवाक्यात राहतो आणि दुरुस्ती गावातच होते. पर्यटकांची ने-आण करणाऱ्या, जड इंजिनांच्या बोटीत रोज अनेक जीव या भिंतीच्या भरवशावर असतात. तिथे दाट बोर्डाचा जादा खर्च योग्य आहे. कवचं धड आणि आतून काम करणं अशक्य असेल, तरच ओतायचा गाभा. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी रेझिनवर आणि भोकं बंद करण्यावर खर्चावेत, गाभ्याच्या नावावर नंतर.

काम झाल्यावर दर वर्षी, नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात घालण्याआधी दोन परीक्षा कराव्यात. ट्रान्समवर लाकडी हातोडीने ठिकठिकाणी टकटक करावी. खणखणीत आवाजाच्या मध्ये कुठे भद्द आवाज आला, तर तिथे ओल आहे किंवा गाभा सुटला आहे. मग इंजिन वर तिरकं करून त्याचं खालचं टोक वर-खाली दाबावं आणि दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे पाहायला सांगावं. इंजिन हलेल ते चालेल. पण कड हलली, तर ती बोट त्या दिवशी समुद्रात नेऊ नये.